भाकरीवालीचं पुढं काय झालं

अव्वा, तू गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. तू माझ्याशी शेवटचं जे बोललीस ते एका पुस्तकाबद्दल बोललीस, तेही चुकीचं बोललीस, आणि माझं ऐकून घ्यायच्या आत निघून गेलीस. ही काय रीत झाली?

"छाट," म्हणालीस. "सोड ते. काय न्हाय त्यात."

छाट हा तुझ्या धंद्यातला शब्द. हजार विड्या वळून कारखान्याच्या ब्रँचला नेऊन दिल्या की तिथला माणूस मूठमूठ उचलून बघायचा आणि जाड, बारीक, तोंड सुटलेली विडी बाजूला फेकायचा. ती छाट. चाळीस वर्षं तू तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलास, मान खाली घालून, आणि घरी येऊन माझ्या पुस्तकांना लावलास. माझी दोन-दोन महिने वाचलेली, रात्रीचा दिवस करून वाचलेली पुस्तकं तू एका शब्दात बाद करायचीस. मला राग यायचा. चार दिवसांनी कळायचं की बाईचं बरोबर होतं.

तुला वाचता येत नव्हतं. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि अक्षर कुठल्याच भाषेतलं नाही. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत तू माझी शेजारीण, आपल्या घरांची भिंत एकच. माझे वडील मंगळवेढ्याकडं शेती बघायचे, आई शहरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची, आणि मी शाळेतून आले की तुझ्या उंबऱ्यावर. तुझ्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात कापलेली पानं, आणि बोटं अशी चाललेली की डोळे तिकडं वळवायचीसुद्धा गरज नाही. डोळे रिकामे, कान रिकामे. म्हणूनच तुला गोष्ट लागायची.

बारावीला असताना रद्दीच्या दुकानातून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. राजे, डोंगर, पंख असलेले राक्षस, हजार वर्षांपूर्वीची शपथ. एका हातात डिक्शनरी धरून वाचत बसले होते. तू म्हणालीस, "एवढं काय हाय गं त्यात? आमाला बी सांग की." मी सांगायला लागले. तू नकाशा बघितलास, पहिल्या पानावर असतो तो. अक्षर येत नसलं तरी नकाशा तुला लगेच कळला. नदी कुठली, डोंगर कुठला, राजा कुठून निघाला. तेव्हापासून रोज आधी नकाशा उघडायचा आणि तू तंबाखूनं पिवळं झालेलं बोट त्यावर ठेवून विचारायचीस, "आपन आता कुटं हाय?" माझ्या कपाटातल्या एकूण एक नकाशावर तुझे डाग आहेत. तेव्हा मी कुरकुर करायचे.

असल्या गोष्टी लांबच लांब असतात. पाच भाग, सात भाग, चौदा भाग. माणसानं आयुष्यात किती वाचायच्या आणि कुठल्या? मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, मोबाईलवर जगभरच्या लोकांची मतं वाचते, पण निवड तुझी पक्की. शंभर विड्या वळून होईपर्यंत गोष्टीत कुणाला भूक लागली नाही, तर छाट. "ही मानसं हायती का दगड? चार दिस घोड्यावर, आनि जेवली कवा?" मंत्र म्हटला की काम झालं, तर छाट. "मग रडायचं कशाला? म्हना की मंत्र." लेखकानं शेवट लिहिलेलाच नाही, तर पुस्तक घरातसुद्धा आणायचं नाही. तुझा बाप हातमागावर लुगडी विणायचा. अर्ध्यावर सोडलेलं कापड कुणी अंगाला लावत नाही, हे तू त्याच्याकडून शिकली होतीस. एक मालिका माझ्या लई आवडीची, पण तिचा शेवटचा भाग काही केल्या येईना. त्यावरून आपलं आठ दिवस वाजलं होतं. "त्याला सांग, पुरं करून मग इकायला बस," असं म्हणालीस, जणू तो लेखक आपल्या कोपऱ्यावरच राहतो.

आणि मेलेला माणूस परत आला, की तिथल्या तिथं पुस्तक बंद. त्यावर वादसुद्धा घालू द्यायची नाहीस. तुझा नवरा गेला तेव्हा तुझा पोरगा मल्लेश सहा वर्षांचा होता. मी एकदा म्हणाले, "अगं पण जादूची गोष्ट आहे, जादूनं येतो तो." तू सूप खाली ठेवलंस. तसं तू कधी ठेवायची नाहीस. म्हणालीस, "येत न्हाय वैशे. पुस्तकात आला तर पुस्तक खोटं." मी पुस्तक मिटून टाकलं.

आता जे सांगायचं ते सांगते. आजवर कुणापाशी बोलले नाही.

तुझा खोकला वाढला, मल्लेशनं तुला दवाखान्यात नेलं, फोटो काढले, सुई घालून बघितलं. घरी आल्यावर त्यानं मला गल्लीच्या तोंडाशी थांबवून सांगितलं. फुप्फुसात गाठ आहे. आहे तसं ठेवलं तर तीन-चार महिने. इंजेक्शनं घेतली, सोसली, तर वर्षभर निघेल कदाचित. "अव्वाला सांगायचं न्हाय. छातीत पाणी झालंय म्हणून सांगितलंय. तिला कळलं तर ती दवाखान्याची पायरी चढायची न्हाय. तुला शप्पथ हाय." मी शपथ घेतली. आपल्याकडं सगळे हेच करतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही हेच केलं होतं. तोंड हसरं ठेवायचं आणि पाठ फिरवून रडायचं.

घरी येऊन मी कपाटासमोर उभी राहिले. तुला कबूल केलं होतं की दिवाळी झाली की ती दहा भागांची मालिका काढायची. तीन वर्षं थांबलो होतो आपण तिच्यासाठी, सगळे भाग जमेपर्यंत. दहाच्या दहा वरच्या फळीवर ओळीनं उभे होते. मी तिथं उभी राहून मनात पानं मोजली, अव्वा. रोज दोन तास वाचलं तर महिन्याला किती, तीन महिन्यांत किती. आणि खालच्या फळीवरून तीन भागांची बारीक गोष्ट उचलली. वाटलं, हिला अर्ध्यावर सोडलेलं आवडत नाही. एक तरी पुरी होईल.

शप्पथ सांगते, त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं.

तू कॉटवर बसली होतीस. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं, तरी बोटं आपली आपण चाललेली, पान नाही, तंबाखू नाही, नुसतीच. मी पुस्तक दिलं. तू नेहमीसारखं हातावर तोललंस.

"बारकं हाय."

"चांगलंय पण."

"किती भाग?"

"तीन."

"धाचं कुटं गेलं? दिवाळी झाल्यावर धाचं काढू म्हनलीस की."

"ते एकीनं वाचायला नेलंय."

तू माझ्याकडं बघितलंस. "तुजं पुस्तक तू कुनाला देतीस व्हय गं?"

खरंच की. मी आजवर सख्ख्या भावाला पुस्तक दिलेलं नाही. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं, तेही मला जमलं नाही. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता, शेंगाची चटणी चालली असावी. तो बंद झाला तेव्हा तू पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होतीस.

"तीन," तू म्हणालीस. मला नाही, आपलं आपल्याशीच. मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंस. "मल्लूनं सांगू नगो म्हनून सांगितलंय व्हय?"

मी काही बोलले नाही. मान हलवली नाही, रडले नाही. शपथ मोडली नाही म्हणायला मोकळी. पण तुला सगळं कळलं होतं, आणि ते माझ्या हातातल्या पुस्तकाच्या जाडीवरून कळलं होतं. इतकी वर्षं मीच तुला शिकवलं होतं की पुस्तक किती मोठं निवडायचं हे आपल्याकडं वेळ किती आहे त्यावर ठरतं.

"सरे," तेलुगूत म्हणालीस, म्हणजे बरं. "जा. धाचं घिऊन ये."

"आत्ता?"

"मग कवा?"

मी गेले आणि पहिला भाग घेऊन आले. तू दोन्ही हातांनी तोललास, बरं वाटलं तुला. नकाशा उघडला. मग विचारलंस, "ह्यातलं किती हुतील माज्याच्यानं?"

मी म्हणाले, "दहाही होतील."

तू हसलीस. हसता हसता खोकला लागला, तुझी सून सुजाता पाणी घेऊन धावत आली. तोंड पुसून म्हणालीस, "धा! मग तुजं केस पिकल्यालं बघूनच जाते की."

दोन इंजेक्शनं घेतलीस. दुसऱ्यानंतर चार दिवस पोटात पाणी ठरेना, उलटून पडायचं. तिसऱ्याला मल्लेश रिक्षा घेऊन आला, तर तू कॉट सोडली नाहीस. "माजं मला कळलंय. पैसं आनि मला दोनी कशाला घालवतो?" त्या संध्याकाळी तो माझ्या दारात उभा होता. लहानपणी ह्याच दारात आम्ही गोट्या खेळलो. "एक गोष्ट पोटात ठेवता येईना तुला," म्हणाला. मी म्हणाले, मी एक शब्द बोलले नाही. ते खरंही होतं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि तसाच गेला.

आपण वाचत राहिलो. क्लास सुटला की दुपारी दोन ते चार. मी इंग्रजी बघून तुला आपल्या मराठीत सांगायची. पहिल्या भागात तो बर्फातला किल्ला पडतो, आठवतं? राणी, तिच्या मुली, सरदार भुयारातून निघून जातात. मुदपाकखान्यात एक म्हातारी असते, भाकरी भाजणारी. ती म्हणते, तुम्ही व्हा पुढं, माझी भाकरी भट्टीत आहे. आणि मागं राहते. तेवढंच. एक पान.

"भाकरी भट्टीत?" तू म्हणालीस. "तवा न्हाय का त्यांच्यात?"

"त्यांच्यात तसंच असतं अव्वा."

"करपल की."

पण दुसऱ्या दिवशी मी नकाशा उघडला तर तुझं बोट राणी गेली तिकडं गेलंच नाही. किल्ल्यावरच राहिलं. "भाकरीवालीचं काय झालं?" त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. राणी समुद्रापार गेली, धाकटीला पळवून नेलं, लढाया झाल्या, आणि तू रोज आधी विचारणार, भाकरीवालीचं पुढं काय झालं. एक दिवस मी वैतागले. उन्हातून आले होते, घसा बसला होता. म्हणाले, "अव्वा, तिला एकच पान होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीत असल्या बायकांचं पुढं काही होत नसतं. लिहिणारा विसरून जातो."

तू भिंतीकडं बघत राहिलीस. भिंतीला तुझं सूप टेकवलेलं होतं. "व्हय," म्हणालीस. "इसरत आसल."

हे वाक्य मी तुला ऐकवलं, अव्वा. आयुष्यभर उंबऱ्यावर बसून विड्या वळलेल्या बाईला, मरायला टेकलेल्या बाईला, मी सांगितलं की असल्या बायकांचं पुढं काही होत नसतं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आणि शेवटचा दिवस. दुसरा भाग निम्म्यावर आलेला. तुला आडवं होता येत नव्हतं, सुजातानं पाठीला उशा लावून बसवलं होतं. एकेका शब्दाला दम लागत होता. मी लढाई वाचत होते, तू हात वर केलास.

"छाट."

"अगं आता कुठं रंगात आलंय!"

"भाकरीवाली?"

"नाही यायची ती आता! किती वेळा सांगू?"

"मग छाट. सोड ते. काय न्हाय त्यात."

मी पुस्तक धाडकन मिटलं. "बरं. तुझीच मर्जी," म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही. क्लासमध्ये परीक्षा होत्या, पण जायचंच असतं तर जाता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही गेले नाही. भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकू येत होता आणि मी इकडं रुसून बसले होते, चाळीस वर्षांची घोडी. चौथ्या दिवशी सकाळी खोकला ऐकू आला नाही, आणि मग सुजातानं भिंतीवर हात आपटला.

दहाव्याला मल्लेश माझ्यापाशी येऊन बसला. भांडायला नाही. डोळे सुजलेले. हळूच म्हणाला, "वर्ष निघालं असतं, वैशाली." निघालं असतं किंवा नसतंही. त्या उलट्या मी बघितल्या होत्या. तसलं वर्ष तुला हवं होतं का, हे तुला कुणी विचारलंच नव्हतं. पण हे मी तुझ्या बाजूनं म्हणते की स्वतःची सुटका करून घ्यायला म्हणते, ते माझं मलाच कळत नाही. मी ती तीन भागांची गोष्ट आणली नसती तर तू तिसऱ्या इंजेक्शनला गेली असतीस, इतकं खरं. त्याच्यापुढचं कुणाला ठाऊक?

सुजातानं एक सांगितलं. मी रागानं गेले त्या दुपारी तू तिला म्हणालीस, "पोरीचा घसा बसलाय. रोज रोज किती वाचंल ती." मग छाट म्हणालीस ते माझ्या घशासाठी? का तुला दम नव्हता म्हणून? का अर्ध्यावर सोडून जायचं तुला पटत नव्हतं, म्हणून गोष्टच बाद करून टाकलीस? का खरंच तुला त्या बाईसाठी वाईट वाटलं होतं? आधी तुझा निकाल पटला नाही तर मी भिंतीवर थाप मारून विचारायची. आता भिंतीपलीकडं मल्लेशचा टीव्ही चालू असतो.

दहावं झाल्यावर मी पुस्तक उघडलं. वाचणार नव्हते. पण हट्टाला पेटले, तुला खोटं पाडायचं म्हणून. दुसरा भाग संपवला, तिसरा संपवला. मोठ्यानं वाचते, सवय गेली नाही. काल चौथ्या भागाच्या अगदी शेवटी राणीची थोरली मुलगी त्या किल्ल्यात परत येते. सगळं जळालेलं, पडलेलं. पायानं अधू असा एक पहारेकरी तेवढा उरलेला असतो. ती त्याला विचारते, तुम्ही मागं राहिलेले हिवाळाभर जगलात कसे?

तो सांगतो, मुदपाकखान्यातल्या म्हातारीनं जगवलं. पीठ संपलं तेव्हा तिनं कोंडा दळला, कोंडा संपला तेव्हा झाडाची साल दळली. सगळ्यांना वाढायची. स्वतः जेवली का, हे कुणी विचारलं नाही. बर्फ वितळायच्या आठ दिवस आधी ती गेली. जमीन गोठली होती, बाहेर खणता येईना, म्हणून भट्टीखालच्या ऊबदार मातीत पुरली. मुलगी विचारते, तिचं नाव काय होतं? पहारेकरी म्हणतो, आम्ही तिला हाक मारायचो, भाकरी झाली का गं.

तेवढंच. अर्धं पान. पण होतं, अव्वा. तो विसरला नव्हता. तीन भाग त्यानं तिला डोक्यात ठेवली होती. तू विचारत होतीस ते बरोबर होतं, मी सांगितलं ते चूक होतं, आणि तू छाट म्हणालीस तेही चूक होतं. वाचण्यालायक आहे हे. पहिल्यांदाच तुझा निकाल चुकला, आणि तो माझ्यामुळं चुकला. मी एवढ्याशा गोष्टीला "येईल की, थांब जरा" म्हणाले असते, तर काय बिघडलं असतं? नको तिथं खोटं बोलले आणि खोटं हवं होतं तिथं मला खरं वाटलं ते.

मी पहिल्या भागातला नकाशा काढून बघितला. किल्ल्याच्या जागी तुझा डाग आहे, बाकी सगळा कागद पांढरा. तू तिथून हललीच नव्हतीस.

मल्लेशला हे अजून सांगितलेलं नाही. उद्या जाईन. तो ऐकेल की नाही, माहीत नाही. सूप अजून तिथंच भिंतीला आहे, सुजाता त्याला हात लावत नाही.

सहा भाग राहिलेत. मी वाचणार आहे, तू काहीही म्हण. पण त्याआधी तुझं एक उत्तर द्यायचं राहिलंय. तू विचारलं होतंस, ह्यातले किती होतील. दोन, अव्वा. त्या दिवशी कपाटासमोर उभी राहून मी पानं मोजली होती, तेव्हाच मला ठाऊक होतं. दोनच होतील.